किंग सनी आदे : योरूबात गायला, योरूबातच राहिला

हरणटोळ

नायजेरियातल्या लेगॉसच्या थर्ड मेनलँड पुलावर गाडी एकदा अडकली की दीड-दोन तासांची निश्चिंती. तिकडे या प्रकाराला 'गो-स्लो' म्हणतात. १९९५ ते २००२ मी इकेजातल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो, त्यातले सहा महिने तरी त्या पुलावरच गेले असावेत. खाली खाडी, आजूबाजूला पिवळ्या डान्फो बसगाड्या, काचेशी येऊन शेंगदाण्यापासून भिंतीवरच्या घड्याळापर्यंत काहीही विकणारी पोरं, आणि गाडीत आमच्या ड्रायव्हरची एकुलती एक कॅसेट. एका बाजूला एकच गाणं, वीस मिनिटांचं. संपलं की उलटायची, पुन्हा वीस मिनिटं. सुरुवातीला डोकं उठायचं. 'बाबा, दुसरं काही नाही का?' म्हटलं की तो मान हलवायचा, 'ओगा, हे अजून संपलेलं नाही.' ओगा म्हणजे साहेब. तिसऱ्या महिन्यात कधीतरी माझ्याच बोटांनी डॅशबोर्डवर ठेका धरलेला त्याने पाहिला आणि आवाज वाढवला. बोलला काही नाही.

तो गाणारा किंग सनी आदे. 'एड' वाचू नका, आदे. योरूबात (दक्षिण-पश्चिम नायजेरियातल्या योरूबा लोकांची भाषा) आदे म्हणजे मुकुट. मराठीत या माणसावर काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात आलं नाही, म्हणून हा धागा.

जन्म २२ सप्टेंबर १९४६, ओशोग्बो. पूर्ण नाव संडे आदेनियी आदेगेये. घराणं ओंडोच्या राजवंशातलं. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, आई व्यापार करायची. अशा घरातल्या पोराने ढोलवाल्यांच्या नादी लागावं हे कुणाला रुचेल? आपल्याकडे शाळा सोडून नाटक कंपनीत पळालेल्या मुलांच्या गोष्टी आहेत, तशीच ही. घरी सांगितलं, लेगॉसला विद्यापीठात शिकायला चाललोय. लेगॉसला पोचल्यावर मोझेस ओलाइयाच्या हायलाइफ (पश्चिम आफ्रिकेतलं नाचाचं बँडसंगीत) बँडमध्ये दाखल झाला. (हा ओलाइयाही वल्लीच. पुढे नायजेरियाचा लाडका विनोदी नट झाला, 'बाबा साला' या नावाने. हसू नका, खरंच तेच नाव.)

१९६७ मध्ये स्वतःचा बँड काढला, ग्रीन स्पॉट्स. त्या वेळी जूजू संगीतातलं मोठं नाव होतं आय. के. दायरो, १९६३ मध्ये ब्रिटिश सरकारकडून एमबीई हा किताब मिळालेला, आणि त्याच्या बँडचं नाव होतं ब्लू स्पॉट्स. म्हणजे एकविशीतल्या पोराने दुकान थाटतानाच समोरच्या पेढीच्या पाटीवर डोळा ठेवला होता.

जूजू म्हटल्यावर जादूटोणा आठवणाऱ्यांनी तो बाजूला ठेवावा. १९३० च्या आसपास लेगॉसच्या ताडीच्या गुत्त्यांत दोन-चार जण गिटार, खंजिरी आणि शेकेरे (भोपळ्यावर मण्यांची जाळी) घेऊन गायला बसत, ट्यूंडे किंग हे त्यातलं पहिलं नावाजलेलं नाव. तिथून हे संगीत निघालं. महायुद्धानंतर अॅम्प्लिफायर आले तेव्हा कुठे योरूबांचा बोलणारा ढोल त्यात घेता आला, कारण आता ढोलापुढे गिटार ऐकू येत होती. वीज आल्यावर जुनं वाद्य हद्दपार झालं नाही, उलट वीज आली म्हणून त्याला घरात घेता आलं. मेंटेनन्सवाला असल्यामुळे मला ही गोष्ट भारी आवडते.

१९६७ ते १९७० बिआफ्राचं यादवी युद्ध, पूर्वेकडचा इग्बो लोकांचा मुलूख नायजेरियातून फुटून निघू पाहत होता. तोवर लेगॉसच्या हॉटेलांतून हायलाइफ वाजायचं आणि त्यातले पुष्कळ वादक इग्बो. ते जीव मुठीत धरून पूर्वेकडे गेले, मंच रिकामे झाले, तिथे जूजू शिरलं. युद्ध संपलं आणि तेलाचा पैसा आला. लग्न, बारसं, घरभरणी, म्हाताऱ्या माणसाचं उत्तरकार्य, काहीही असो, रात्रभर बँड पाहिजेच. सनीचं पहिलं गाजलेलं गाणं 'चॅलेंज कप' मात्र फुटबॉलवरचं. स्टेशनरी स्टोअर्स नावाच्या लेगॉसच्या क्लबाने १९६७ चा चषक जिंकला, त्याच्या कौतुकाचं. (क्लबाचं नाव असं का? मालकाचा वह्या-कागदांचा धंदा होता.) १९७४ मध्ये त्याचं रेकॉर्ड कंपनीशी वाजलं, प्रकरण कोर्टात गेलं. मग बाहेर पडून त्याने 'सनी अलादे' हे स्वतःचं लेबल काढलं आणि बँडला नाव दिलं आफ्रिकन बीट्स.

आता खरी गंमत, ऐकायची. चार-पाच गिटारी, पण पूर्ण चाल कुणीच वाजवत नाही. प्रत्येकाकडे चार-सहा सुरांचा तुकडा, तोच पुन्हा पुन्हा. गोफ विणताना प्रत्येकाच्या हातात एकच दोरी असते तसं. त्यावर देमोला आदेपोजूची पेडल स्टील गिटार तरंगत येते. हे अमेरिकेच्या कंट्री संगीताचं वाद्य. जिम रीव्ह्ज तिकडे घरोघरी ऐकला जायचा, त्यामुळे कानाला परकं नव्हतं. आपल्या जुन्या हिंदी गाण्यांतली हवाईयन गिटार आठवा, तिचीच चुलत बहीण. आणि या सगळ्याच्या मधून ढोल बोलत असतात. सनी हळू आवाजात एक ओळ म्हणतो, पोरं ती झेलतात, ढोल तिच्यावर काहीतरी टोमणा मारतो.

११ मे १९८१ ला जमैकाचा रेगे गायक बॉब मार्ली गेला. त्याच्या आयलंड या रेकॉर्ड कंपनीचा ख्रिस ब्लॅकवेल नव्या माणसाच्या शोधात होताच. मार्टिन मेसोनिए नावाच्या फ्रेंच निर्मात्याने सनीची गाठ घालून दिली. १९८२ मध्ये 'जूजू म्युझिक', १९८३ मध्ये 'सिंक्रो सिस्टिम' (याला ग्रॅमीचं नामांकन), १९८४ मध्ये 'ऑरा', त्यात स्टीव्ही वंडर हार्मोनिका वाजवतो. वीस-वीस मिनिटांची गाणी कापून सहा-सात मिनिटांवर आणली. युरोप-अमेरिकेत दौरे, छापून कौतुक, 'आफ्रिकेचा बॉब मार्ली' ही पाटी. रेकॉर्ड मात्र मार्लीइतक्या खपेनात. कंपनीला आणखी पाश्चात्य वळण हवं होतं, याने चाली-शब्दांत हात घालू दिला नाही. १९८५ मध्ये करार संपला.

त्याच्यावरचा कुठलाही इंग्रजी लेख उघडा, गोष्ट इथे संपते: होता होता राहिलेला तारा. मला हेच पटत नाही. मी लेगॉसला पोचलो ते त्यानंतर दहा वर्षांनी, आणि तिथे तो कुणालाही राहिलेला वाटत नव्हता. 'मिनिस्टर ऑफ एन्जॉयमेंट' म्हणायचे त्याला. मार्लीला दुनिया हवी होती म्हणून तो तिला कळेल असं गायला. सनीचं गाणं ज्या ढोलावर उभं आहे तो योरूबातच बोलतो. तो इंग्रजीत गायला असता तर ढोलाने काय करायचं?

शेवटी एक माझी फजिती. १९९८ च्या सुमारास फोरमनच्या आजीच्या उत्तरकार्याला अबेओकुटाला गेलो होतो. आजी नव्वदीच्या पुढची, त्यामुळे शोक नाही, जल्लोष. घरच्यांचे सगळ्यांचे कपडे एकाच कापडाचे. गावातला बँड सनीचीच चाल वाजवत होता. एक ढोलवाला काखेत ढोल दाबून थेट माझ्यासमोर आला, डोळ्यांत बघून पाच-सहा टोले दिले. अख्खं टेबल फुटलं हसून. मी खिशातून वीस नायरांच्या नोटा काढून त्याच्या कपाळाला लावल्या. त्याने तेच टोले पुन्हा दिले. आणखी हशा. असं तीनदा झालं.


कापूसकोंड्या

रुमाल टाकून ठेवतो. तूनळीवर सनीचं 'जा फुनमी' लावलंय, सविस्तर नंतर.


गवती चहा

हरणटोळकाका, मस्त लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न. ढोल 'बोलतो' म्हणजे आपण तबल्याचे बोल म्हणतो तसंच ना? धा धिं धिं धा?


हरणटोळ

नाही हो गवतीताई, बरोबर उलटं. धा-धिं हे आपण वाजवण्याच्या खुणेसाठी केलेले शब्द, त्यांना अर्थ नाही. तिथे शब्द आधी, अर्थासकट, आणि ढोल ते उच्चारतो.

योरूबात सूर बदलला की शब्द बदलतो. उंच, मधला, खालचा असे तीन सूर. 'ऑकॉ' हाच शब्द घ्या. दोन्ही अक्षरं मधल्या सुरात म्हटली तर नवरा. दुसरं वर चढवलं तर कुदळ. दुसरं खाली उतरवलं तर वाहन. दोन्ही खाली तर भाला. मी एकदा गॅरेजमध्ये 'माझी गाडी कुठाय' ऐवजी 'माझा नवरा कुठाय' विचारून बसलो होतो, असो.

ढोल डमरूसारखा मध्ये बारीक, दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या वाद्या. काखेत धरून दाबला की वाद्या ताणतात, सूर चढतो. सोडला की उतरतो. म्हणजे भाषेतले नुसते सूर ढोलावर काढता येतात, व्यंजनं-स्वर नाहीत. आता नुसत्या सुरांवरून शब्द ओळखायचा तर घोळ होणारच, म्हणून ढोलवाले सुटे शब्द वाजवत नाहीत. म्हणी, वाक्प्रचार, घराण्यांची ओरिकी (बिरुदावलीच म्हणा) अशी सगळ्यांना पाठ असलेली लांब वाक्यं वाजवतात. ऐकणारा बरोबर पकडतो.

तरी घोळ होतोच. नायजेरियाच्या रेडिओची सुरुवातीची धून बोलणाऱ्या ढोलावर वाजायची. असायला हवी होती आकाशवाणीच्या नावाची घोषणा. योरूबा श्रोत्यांना तीत ऐकू यायचं, 'इबादानचा राजा वारला, तर गादीवर बसणार कोण?' रोज सकाळी, सरकारी रेडिओवरून.


मधली सुट्टी

इबादानचा राजा =)) =))

काका दंडवत घ्या. वाचनखूण साठवली आहे.


पिंपळपान

आपल्याकडचं सगळ्यात जवळचं म्हणजे चौंडकं. यल्लमाच्या जोगत्यांकडे असतं, काखेत धरायचं, तार ताणून आवाज वर-खाली करायचा. ते सूर ओढून बोलल्यासारखं करतं, पण शब्द नाहीत. मराठीत सुरावर अर्थ अवलंबून नाही, त्यामुळे चौंडक्याला कितीही वाटलं तरी ते भाष्य करू शकत नाही. हा विचार मला आज पहिल्यांदा सुचला, धन्यवाद. केरळातल्या इडक्क्याचाही बांधा असाच, मध्ये बारीक आणि दाबून सूर बदलणारा.


चक्रम चौकोन

लेख रंजक आहे, पण आरती जास्त झाली. थोडं मीठ टाकतो.

हा माणूस गायला कुणासाठी? ज्याच्याकडे पैसा त्याच्यासाठी. चीफ अमुक, कंत्राटदार तमुक, त्यांची नावं गाण्यात गुंफायची आणि नोटा घ्यायच्या. त्याच शहरात फेला कुटी लष्कराच्या विरोधात गात होता. १८ फेब्रुवारी १९७७ ला सैनिकांनी त्याचं घर जाळलं, त्याच्या म्हाताऱ्या आईला खिडकीतून खाली फेकलं, पुढच्या वर्षी ती गेली. तोही योरूबाच, अबेओकुटाचाच. त्या काळात सनी काय म्हणत होता? मजा करा. 'मिनिस्टर ऑफ एन्जॉयमेंट' हे तुम्हाला कौतुक वाटतं, मला नाही वाटत.

आणि 'मुळाशी राहिला, विकला गेला नाही' ही कथा रेकॉर्ड कंपन्यांवाल्यांनाच फार आवडते. खपला नाही की म्हणायचं, तत्त्वाचा माणूस.


मधली सुट्टी

चौकोनराव, मग आपल्या शाहिरांचं काय करायचं? पेशव्यांच्या दरबारात बिदागी घेतली म्हणून लावणी टाकून द्यायची?

आणि काका, ते कपाळाला नोटा चिकटवणं म्हणजे आपली दौलतजादाच की! संगीत बारीत डोळ्यांनी पाहिलीय. फक्त तिथे नोट घ्यायला बाई पुढे यायची, इथे ढोलवाला येतो.


हरणटोळ

@चक्रम चौकोन, आक्षेप मान्य, निदान अर्धा. सनीकडे फेलासारखी छाती नव्हती आणि त्याने तसा आवही आणला नाही. पण एक बघा. फेला गायला मुख्यतः पिजिन इंग्रजीत (तिकडची बाजारातली मिश्र इंग्रजी), कारण त्याला साऱ्या आफ्रिकेशी बोलायचं होतं. ज्याच्याशी बोलायचं त्याची भाषा. सनीला घरातल्याच माणसांशी बोलायचं होतं. ओरिकी म्हणजे नुसती खुशामत नव्हे. तुमच्या नावापाठोपाठ तुमच्या बापजाद्यांची नावं येतात, आणि मंडपातले चारशे लोक बघत असतात की तुम्ही त्या नावाला साजेसे आहात का. माझा ड्रायव्हर काही कंत्राटदार नव्हता, महिन्याच्या शेवटी माझ्याकडून उसने घ्यायचा. त्याच्या गावाचं नाव एका गाण्यात येतं. तिथे तो प्रत्येक वेळी हॉर्न वाजवायचा. गो-स्लोमध्ये!

@मधली सुट्टी, दौलतजादा हा शब्द तिथे मला रोज आठवायचा. तिकडे याला 'स्प्रेइंग' म्हणतात. फरक असा, की नाचणाऱ्या यजमानावर, नवरा-नवरीवर, पाहुण्यांवर, सगळ्यांवरच नोटा पडतात. बँडची पोरं पिशवी घेऊन गोळा करत फिरतात. पुष्कळदा ठरलेल्या बिदागीपेक्षा ती पिशवी जड. गाणं वीस मिनिटांचं का, याचं एक उत्तर त्या पिशवीत आहे. नोटा पडताहेत तोवर कोण थांबेल?

आता कायद्याने गुन्हा आहे. २००७ च्या मध्यवर्ती बँकेच्या कायद्यात नोटा उधळणं, तुडवणं याला निदान सहा महिने कैद किंवा निदान ५०,००० नायरा दंड, किंवा दोन्ही. बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. २०२४ मध्ये एका नामवंताला खरंच सहा महिन्यांची कैद झाली तेव्हा सगळे दचकले.


लाल डबा

नायजेरियात हिंदी सिनेमे लई चालतात ना? मग आपली गाणीपण असतील की त्यांच्यात. चाल ढापली असंल कुठंतरी.


थेम्सकाठी

@लाल डबा, ते उत्तरेला, हौसा लोकांत. कानोसारख्या शहरात हिंदी सिनेमे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले आणि हिंदी चालींवर हौसा भक्तिगीतंही झाली. योरूबा दक्षिण-पश्चिमेला, त्यांच्या गाण्यात तो धागा जवळजवळ नाही. एवढ्या मोठ्या देशाला एकाच टोपलीत घालू नये.

मी लंडनमध्ये पेकमच्या जवळ राहते. इथे निम्मी दुकानं योरूबांची, शनिवारी हॉलबाहेर डोक्याला उंच गेले बांधलेल्या बायकांची रांग. (गेले म्हणजे डोक्याचं कडक कापड. नेसता येत नाही, बांधणारी बाई बोलवावी लागते. नऊवारी नेसवणाऱ्या काकू असतात तसं.) शेजारणीच्या मुलीच्या लग्नात पहिल्यांदा 'जा फुनमी' ऐकलं आणि मी समजले प्रेमगीत आहे. शेजारीण म्हणाली, अगं, हे डोक्याशी बोलणं आहे.

'ओरी' म्हणजे डोकं, आणि ओरी म्हणजेच नशीब. 'माझ्या डोक्या, माझ्यासाठी भांड' असं ते मागणं आहे. आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येऊन भाळी लिहून जाते, आपल्याला कुणी विचारत नाही. योरूबांकडे जन्माआधी माणूस अजाला नावाच्या कुंभाराकडे जातो आणि तिथल्या मडक्यांसारख्या डोक्यांतून स्वतःच एक निवडतो. काही पक्की भाजलेली, काही कच्ची, वरून सगळी सारखीच. मग जन्माला येताना निवड विसरतो. शेजारीण म्हणाली, म्हणून कुणाला दोष देता येत नाही, डोकं तूच आणलंयस. सटवाई बरी वाटली मला त्या दिवशी, निदान नाव ठेवायला कुणीतरी आहे.

पण काका, आयलंडच्या गोष्टीत तुम्ही एक बाजू गाळलीत. साधारण 'ऑरा'च्या सुमाराला जपानच्या दौऱ्यात बँडमधल्या बऱ्याच जुन्या माणसांनी पैशांवरून त्याची साथ सोडली. आफ्रिकन बीट्स तिथे मोडलं, पुढे त्याने नवा संच बांधला. वीस-वीस माणसं घेऊन जगभर फिरायचं, मंचावर त्यांच्या कपाळाला नोटा लावणारं कुणी नाही, पिशवी रिकामी, आणि मालक एकटाच करारावर सही केलेला. तत्त्व वगैरे असेल, पण हिशोबही होता. ज्यांच्या दोऱ्यांनी तो गोफ विणला त्यांची नावं कुणाला माहीत आहेत? देमोला आदेपोजूचं तरी बरं, अमेरिकन गायक पॉल सायमनने १९८६ मध्ये त्याला 'ग्रेसलँड' अल्बमच्या शीर्षकगीतात वाजवायला घेतलं.


चक्रम चौकोन

थेम्सकाठी +१. नेमकं हेच म्हणायचं होतं, मला असं सभ्यपणे म्हणता आलं नाही.


हरणटोळ

थेम्सकाठीताई, पिशवीची गोष्ट मीच लिहिली आणि ती जपानला नेऊन पाहिली नाही. बरोबर पकडलंत. खजील आहे.


कापूसकोंड्या

आलो. तीनदा ऐकलं. पहिल्यांदा 'हे काय, सुरूच होत नाहीये' असं वाटलं. दुसऱ्यांदा भांडी घासताना लावलं, तेव्हा जमलं. हे बसून ऐकायचं गाणं नाही असं माझं मत, हात चालू पाहिजेत.

तो ओबे कोण? बाजूला सारखा त्याचा व्हिडिओ सुचवतंय.


हरणटोळ

एबेनेझर ओबे, जन्म १९४२, सनीचा समोरचा पहिलवान. सत्तरच्या दशकात लेगॉस अर्धं याचं, अर्धं त्याचं. चाहते हमरीतुमरीवर यायचे, वर्तमानपत्रं तेल ओतायची. ओबे सनीपेक्षा संथ, उपदेश जास्त. माझ्या मते शब्दांत ओबे सरस, वाजवण्यात सनी. (ड्रायव्हरसमोर हे बोललो असतो तर चालत घरी.)

त्याचं १९७३ चं एक गाणं ऐका, बाप, मुलगा आणि त्यांचं जनावर यांचं. बाप बसला तरी लोक बोलतात, मुलगा बसला तरी बोलतात, दोघं चालले तरी बोलतात. हो, तीच ती आपल्या शाळेतली गाढवाची गोष्ट! पुलावर ड्रायव्हरने ती गोष्ट मला नवी म्हणून सांगायला घेतली, आणि शेवट मी सांगितला. पुढचा आठवडाभर तो माझ्याकडे संशयाने बघत होता. ओबे पुढे नव्वदच्या दशकात धर्मप्रचाराकडे वळला, भक्तिगीतं गाऊ लागला.


लाल डबा

हिंदी चाल नाय तर नाय, पण आपला माणूस घावला! झाकीरभाई. १९९१ चा 'प्लॅनेट ड्रम' अल्बम काढून बघा. अमेरिकन ड्रमर मिकी हार्टबरोबर झाकीर हुसेन, घटमवाले विनायकराम, आणि बोलणाऱ्या ढोलावर सिकिरू आदेपोजू. जागतिक संगीताची पहिली ग्रॅमी त्यालाच मिळाली. हा सिकिरू आधी तुमच्या त्या ओबेच्याच बँडमध्ये होता. पुढे परत झाकीर-सिकिरू एकत्र, 'ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट', २००९ ला परत ग्रॅमी. म्हणजे माहीमचा तबला आन्‌ योरूबा ढोल शेजारी शेजारी बसून वाजलेत.


पिंपळपान

लाल डबा, हा प्रतिसाद धाग्याच्या वरच चिकटवायला हवा. आत्ता ऐकलं. तबल्यावर घुमारा काढताना मनगटाने डग्ग्याचा सूर ओढतात ना, तिथे सिकिरू अगदी तसाच सूर ओढून उत्तर देतो. कोण कुणाची नक्कल करतंय कळत नाही. झाकीरभाई डिसेंबर २०२४ मध्ये गेले तेव्हापासून त्यांचं काही लावलं नव्हतं. आज लावलं.


गवती चहा

सनी आदे सध्या काय करतात? आणि जूजू आजच्या पोरांत चालतं का?


थेम्सकाठी

गवती चहा, इथल्या लग्नांत रात्री अकरापर्यंत पोरांचं अॅफ्रोबीट्स, मग मोठी माणसं डीजेला खूण करतात आणि सनी लागतो. तेव्हा पोरंही उठून जात नाहीत, नाचतात.

पण नायजेरियात जूजूला खरा धक्का फुजीने दिला. रमजानमध्ये पहाटे सेहरीसाठी मोहल्ला उठवणाऱ्या मुस्लिम योरूबा पोरांच्या गाण्यातून ते निघालं. सिकिरू आयिंदे बॅरिस्टर हा त्याचा बादशहा, आधी सैन्यात होता. 'फुजी' हे नाव विमानतळावरच्या जपानच्या फुजी पर्वताच्या जाहिरातीवरून घेतलं असं तो स्वतः सांगायचा. १९८६ नंतर नायरा घसरला, गिटारी, अॅम्प, कीबोर्ड सगळं बाहेरून आणायचं, परवडेना. फुजीला ढोल आणि गळा पुरे. लेगॉसच्या गरीब वस्त्यांनी ते उचललं. बॅरिस्टर १६ डिसेंबर २०१० ला इथेच लंडनमध्ये गेला.

सनी १९९८ च्या 'ओडू' अल्बमसाठी पुन्हा ग्रॅमीच्या यादीत होता, पुन्हा मिळाली नाही. इफेच्या ओबाफेमी आवोलोवो विद्यापीठात त्याने शिकवलंही. घरी थाप मारून गेला होता ते विद्यापीठ लेगॉसचं, पण चालायचंच.


मधली सुट्टी

थाप शेवटी खरी केलीन म्हणायची. शिकायला नाही तर शिकवायला. :)


कापूसकोंड्या

अवांतर : कुठून ऐकायला सुरुवात करावी? यादी नको, एकच सांगा.


हरणटोळ

'जूजू म्युझिक'ने करा, बाहेरच्यांसाठीच कापूनकूपून बनवलेला आहे आणि तरी अस्सल आहे. त्यात 'मो बेरू आग्बा' आहे, थोरांचा मान ठेवण्यावरचं, तिथे ढोलाकडे कान द्या. अंगवळणी पडलं की सत्तरच्या दशकातल्या लांब बाजू शोधा. भांडी जास्त असलेल्या दिवशी.


गवती चहा

काका, एवढं सगळं सांगितलंत, पण मुख्य गोष्ट राहिली. त्या उत्तरकार्यात ढोलवाल्याने तुमच्यासमोर वाजवलं काय होतं?


पिंपळपान

अरे हो! मी तेच विचारणार होतो.


हरणटोळ

मीही विचारलं होतं. परतताना ड्रायव्हर आधी म्हणाला, काही नाही ओगा, असंच, पाहुण्यांचं स्वागत. वाटेतलं ओटा गाव येईपर्यंत मी सोडलं नाही. शेवटी गाडी बाजूला घेतली, हसू आवरेना त्याला. म्हणाला, ओगा, तो सगळ्यांना सांगत होता, या ओयिंबोच्या (परदेशी माणसाच्या) उजव्या खिशात विसाच्या नोटा आहेत, पन्नासच्या डाव्या खिशात आहेत.


चक्रम चौकोन

आणि होत्या?


हरणटोळ

होत्या.